भंगाळे मॅडम आणि अर्धी हिरवळ

भंगाळे मॅडम खाली बघून चालायच्या. नवीन मुलांना वाटायचं, बाई फार लाजाळू आहेत. मग एखाद्या दिवशी त्या पोर्चच्या पायरीवर मध्येच उकिडव्या बसायच्या, पर्समधून रिकामी काडेपेटी काढायच्या, काहीतरी अलगद आत ढकलायच्या आणि काही झालंच नाही अशा थाटात वर्गावर जायच्या. काडेपेटी टेबलावर, हजेरीपटाशेजारी. तासभर आतून खुडखुड ऐकू यायची आणि पहिल्या बाकावरच्या मुलींचं लक्ष फळ्याकडे राहायचं नाही.

मी धुळ्याच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मॅडम प्राणिशास्त्राच्या. दोन्ही विभागांना मिळून एकच प्रयोगशाळा होती आणि मध्ये भिंत म्हणून लाकडी कपाटं. साडेदहा वाजले की कपाटाआडून आवाज यायचा, "वाणी सर, चहा." चहा बीकरमध्ये उकळलेला असायचा. चहाच्या बीकरच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता, कारण एकदा शिपायाने चुकून बेडूक धुतलेला बीकर चुलीवर चढवला होता. ही हकीगत त्या नव्या माणसाला पहिला घोट घेऊन झाल्यावर सांगत.

त्या मूळच्या यावलकडच्या. यजमान भुसावळला रेल्वेत होते, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. देवपुरात दोन खोल्यांचं घर. घरात ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, कायम डबाभर आणि जाळ्यांना झाडू लावायला कामवालीला बंदी.

"पाय मोजल्याशिवाय नाव घेऊ नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा आमच्या प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले की तुमच्या विभागाने ह्या किड्यांचं काहीतरी करावं. मॅडम खुर्चीवर चढल्या. सरकारी खुर्ची करकरली. वरूनच त्यांनी शांतपणे सांगितलं, "सर, आठ पाय आहेत. हा किडा नाही, कोळी आहे. आणि तुमच्याकडे डास कमी आहेत ते ह्याच्यामुळे." मग खाली उतरून, पदराने खुर्ची पुसून निघून आल्या. कोळी प्राचार्यांच्या निवृत्तीपर्यंत तिथेच होता असं म्हणतात. निदान त्याचे वंशज तरी.

कॉलेजच्या दर्शनी भागात हिरवळ होती. धुळ्याच्या उन्हात हिरवळ राखणं म्हणजे अंगावरचं मूल सांभाळण्यासारखं. ते काम सुकदेव आबा करायचे. आबा शिंदखेड्याकडचे, आयुष्यभर माळी, बोलणं सगळं अहिराणीत. संस्थेच्या अध्यक्षांचा त्या हिरवळीवर फार जीव होता. पाहुणा आला की त्याला आधी हिरवळ दाखवायची, मग ग्रंथालय.

एका स्नेहसंमेलनाला अध्यक्षांच्या आई आल्या होत्या. म्हातारीला खुर्ची सोसेना म्हणून हिरवळीवर सतरंजी घातली. थोड्या वेळाने ती किंचाळत उठली. पोटऱ्यांवर लाल मुंग्या चढल्या होत्या. ह्या मुंग्या चावतात आणि वर आग ओततात, चावलेल्या जागी पाण्याचे फोड येतात. म्हातारीचे पाय सुजले. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की हिरवळीवर एकही मुंगी दिसता कामा नये.

औषध घेऊन आला तो दिलीप. दिलीप मॅडमचा विद्यार्थी. दोन वर्षं तो दुपारचं त्यांच्याच घरी जेवला होता, कारण वसतिगृहाचं जेवण त्याला मानवत नव्हतं. त्याला वांग्याचं भरीत आवडतं म्हणून हिवाळ्यात मॅडम माहेराहून वांगी आणायच्या. आता तो एका कीटकनाशक कंपनीचा प्रतिनिधी झाला होता, जळगावला ऑफिस, पायात बूट, हातात चामड्याची बॅग. आल्याबरोबर सगळ्यांदेखत वाकून मॅडमच्या पाया पडला. त्या दिवशी मॅडम वर बघून चालत होत्या.

त्यांची अट एकच होती. औषध अर्ध्या हिरवळीवर टाकायचं, अर्धी तशीच ठेवायची. "ह्या औषधाने लाल मुंगी मरेल हे मला माहीत आहे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "आणखी कोण कोण मरतं, ते बघू द्या." अध्यक्ष हसले. म्हातारी त्या वेळी मुलीकडे गेलेली होती, म्हणून परवानगी मिळाली. दिलीपनेही दुजोरा दिला.

सुकदेव आबांनी मधोमध सुतळी बांधली. मॅडमनी कॅन्टीनमधले टवके उडालेले काचेचे ग्लास मागून आणले आणि दोन्ही भागांत काठापर्यंत मातीत पुरले. रात्री हिंडणारा जीव त्यात पडायचा. सकाळी आठला आम्ही दोघं ते ग्लास उपसून मोजायचो. मी का मोजत होतो? एक तर त्यांनी बोलावलं म्हणून. दुसरं म्हणजे, वनस्पतीवाल्याला गवताखाली इतकी वस्ती असते हे माहीत नव्हतं. काळे भुंगेरे, लांडग्यासारखे धावून शिकार करणारे कोळी, ढालकिडे, गोमी, शेपटीला चिमटा असलेले किडे, टाचणीच्या डोक्याएवढे उड्या मारणारे काहीतरी, आणि काळ्या मुंग्यांच्या तीन-चार जाती. मॅडम नाव सांगायच्या, मी आकडा सांगायचो, त्या वहीत शाईने लिहायच्या. पेन्सिल त्यांना चालत नसे. पेन्सिलने लिहिलेलं माणूस सोयीने खोडतो, म्हणायच्या.

औषध पडल्यावर पंधरा दिवसांत त्या अर्ध्या भागात लाल मुंगी औषधाला उरली नाही. अध्यक्ष स्वतः येऊन सुतळीपलीकडे अनवाणी चालून गेले. मॅडमनी खरंच आनंदाने त्यांना ग्लास दाखवले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्या पंधरवड्यात मेलेलं सगळं एका पांढऱ्या ट्रेमध्ये ओळीने मांडलं आणि ट्रे स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला. लोकांनी आपापल्या कपबशा उचलल्या. ट्रे भरलेला होता. लाल मुंग्या त्यात एका कोपऱ्यात, बाकी सगळे ज्यांनी कुणाला कधी चावलं नव्हतं ते. इंग्रजीचे सर म्हणाले की मधल्या सुट्टीत हे बरं दिसत नाही.

मोजणी चालू राहिली. बाकीच्यांचा विषय संपला होता, मीही परीक्षांच्या दिवसांत जायचा बंद झालो. मॅडम आणि आबा मात्र दर आठवड्याला तिथे असायचे. पावसाळा सरला तेव्हा एका सकाळी आबा प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आत यायला ते नेहमी कचरायचे. दारातूनच म्हणाले, "बाई, लाल मुंग्या परत उन्यात. बाकीनं बठ्ठं मरी गयं."

लाल मुंग्या परत आल्या आणि बाकी सगळं मेलं, म्हणजे काय ते आम्ही जाऊन पाहिलं. औषध टाकलेल्या भागात मुंग्यांच्या मातीचे उंचवटे पूर्वीपेक्षा जास्त झाले होते. सुतळीच्या अलीकडे, जिथे काहीच टाकलं नव्हतं, तिथे लाल मुंग्या होत्या पण थोड्या. काळ्या मुंग्यांनी आणि भुंगेऱ्यांनी त्यांना दाबून धरलं होतं. मॅडमनी मला समजावून सांगितलं. लाल मुंगीची राणी हातभर खोल असते, तिच्यापर्यंत औषध धड पोचत नाही. शिवाय पावसानंतर पंखवाल्या नव्या राण्या उडत येऊन उतरतात. एरवी त्यांतल्या बहुतेक राण्या कोळ्यांच्या आणि काळ्या मुंग्यांच्या पोटात जातात. इथे खायला कुणी उरलंच नव्हतं. "आपण रान मोकळं करून दिलं," त्या म्हणाल्या. त्याच भागात गवतावर अळ्याही पडल्या. अर्धी हिरवळ पिवळी पडली, आणि ती अर्धी कोणती हे लांबून कळत होतं.

वर्ष भरलं तेव्हा वही भरली. दिलीप भेटायला आला. मॅडमनी त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं दाखवलं. तोही लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, मॅडम, वही द्या, साहेबांना दाखवतो. सगळ्या रानात औषध उधळू नका, फक्त वारुळापुरतं वापरा, अशी सूचना पुडक्यावर छापायला सांगतो. मॅडमचे डोळे भरून आले. वर्षभर उन्हात बसल्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं असणार.

मी म्हटलं, आधी उतरवून घ्या. निदान महत्त्वाची पानं.

"दिलीप आहे तो," त्या म्हणाल्या, आणि वहीला खाकी कागदाचं कव्हर घालून त्याच्या हातात दिली.

वही परत आली नाही. त्याऐवजी काही महिन्यांनी पुंडलिक आबा आले. चोपड्याकडचे शेतकरी, साठीचे, पांढरी टोपी. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी विचारलं की भंगाळेबाई कोण. मॅडम उठून उभ्या राहिल्या. आबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. हिरव्या शाईत छापलेलं पत्रक होतं. वर मुंगीचं चित्र, त्यावर फुली. खाली मॅडमचं पूर्ण नाव, पदवी, कॉलेजचं नाव, आणि आकडे. औषध टाकण्यापूर्वी लाल मुंग्या किती, पंधरा दिवसांनी किती. पुढे काही नाही.

पुंडलिक आबांच्या वांग्याच्या मळ्यात लाल मुंग्या झाल्या होत्या, बाया खुडायला येईनात. त्यांनी सगळ्या मळ्यात औषध टाकलं. मुंग्या गेल्या. मग मावा पडला, कारण तो खाणारे ढालकिडे मेले होते. मेलेले किडे टिपून आबांच्या घरच्या कोंबड्या मेल्या. आणि आता मुंग्या परत आल्या होत्या. हे सगळं त्यांनी न रागावता सांगितलं. फक्त शेवटी म्हणाले, "ताई, दुकानवालावर मना भरोसा नव्हता. तुमनं नाव वाचीसन टाकं."

मॅडमनी त्यांना बसायला स्टूल दिलं, चहा केला. पहिल्यांदाच त्यांनी बेडकाची गोष्ट सांगितली नाही.

त्या शनिवारी त्या मला घेऊन जळगावला दिलीपच्या ऑफिसात गेल्या. दिलीप उठला, पुन्हा पाया पडला, चहा मागवला. मॅडमनी पत्रक टेबलावर ठेवलं.

"मॅडम, ह्यातला एक तरी आकडा खोटा आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मॅडम?"

"मी वर्षभर मोजलं होतं, दिलीप. तू पंधरा दिवस छापलेस."

तो म्हणाला की छापणं हेड ऑफिसकडे असतं, मॅडम. मी फक्त वही पोचवली, मॅडम. वही आता कुठे आहे हे त्याला सांगता येईना. बोलता बोलता त्याने भरताचा विषय काढला, ह्या वर्षी वांगी कशी आहेत असं काहीतरी. मॅडम चहा न घेता उठल्या. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "एकदाही मॅडम म्हणायला विसरला नाही."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. माझ्या नावाचा वापर थांबवा, किंवा वर्षभराचे सगळे आकडे छापा. कंपनीने ते पत्र परस्पर कॉलेजकडे पाठवून खुलासा मागितला. आणि त्याच महिन्यात कंपनीकडून आमच्या प्रयोगशाळेला नवे सूक्ष्मदर्शक भेट आले. लाकडी खोक्यांत, भुशात ठेवलेले, चकचकीत.

इथे माझा भाग येतो. तो थोडक्यात सांगतो, कारण तो थोडाच आहे.

प्राचार्यांनी मला बोलावलं. माझी नोकरी कायम व्हायची होती. त्यांनी तो विषय काढलासुद्धा नाही. फक्त टाइप केलेला कागद पुढे केला. पत्रकात छापलेले आकडे हे प्रत्यक्ष मोजणीतले असून ते बरोबर आहेत, मोजणीच्या वेळी मी हजर होतो, एवढाच मजकूर. "सर, ह्यात खोटं काही असेल तर सही करू नका," प्राचार्य म्हणाले. मी दोनदा वाचला. खोटं काहीच नव्हतं. दिलीपच्या टेबलापाशी मॅडमनी स्वतःच ते कबूल केलं होतं, अशी मी मनाची समजूत घातली. सही केली. पत्र फक्त कंपनीकडे जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कपाटाआडून आवाज आला, "वाणी सर, चहा." मी गेलो. काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग बोलायची वेळच निघून गेली.

कंपनीने मॅडमना काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पत्रकं मात्र निघत राहिली. मॅडमनी पुन्हा पत्र लिहिलं नाही. त्या दर रविवारी एसटीने बाजाराच्या गावांना जायला लागल्या. कधी चोपडा, कधी पाचोरा. औषधांच्या दुकानाच्या जवळपास, दुकानदाराने हाकललं तर समोरच्या झाडाखाली, पत्रक हातात धरून उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, हे नाव माझं आहे आणि ह्यात अर्धंच लिहिलंय. वारुळात उकळतं पाणी ओता, सगळ्या रानात औषध मारू नका. लोकांना त्या कुटुंबनियोजनवाल्या बाई वाटायच्या. बाया तोंडाला पदर लावून पुढे सटकायच्या. पुंडलिक आबा चोपड्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर उभे राहायचे आणि ओळखीच्या माणसांना बखोटीला धरून आणायचे. किती जणांनी ऐकलं, देव जाणे. मी त्यांच्याबरोबर कधी गेलो नाही. त्यांनी कधी चला म्हटलंही नाही. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं.

यजमानांनी त्यांना एकदा माझ्यासमोरच विचारलं की इतक्या लोकांना तू एकटी किती पुरणार. मॅडम म्हणाल्या, शेवटी शेवटी मोजायलाही एकटीच बसले होते की.

त्यांना पुन्हा मोजणी करायची होती. वही गेली तर गेली, दुसरी भरू, म्हणाल्या. हिरवळ तीच, सुतळी तीच, सुकदेव आबा तेच. प्राचार्यांकडे अर्ज दिला. प्राचार्यांनी दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गावी गेलो. परत आलो तेव्हा दर्शनी भागात शहाबादी फरशी बसवलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कारंजं. मुंग्यांचा त्रास कायमचा मिटला, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले. सुकदेव आबांना कारंज्याचा नळ सोडायचं काम दिलं. त्यांनी ते महिनाभर केलं आणि गावी निघून गेले.

मॅडम त्या दिवशी फरशीच्या कडेला उभ्या होत्या. मी पायऱ्यांवरून पाहिलं. उन्हात दोन्ही हातांनी पर्स धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही, आणि ह्या 'कुणी'मध्ये मलाही धरावं. मग त्या आत आल्या आणि तासाला गेल्या. पुढची सात-आठ वर्षं, निवृत्तीपर्यंत, त्यांनी नेमून दिलेलं सगळं शिकवलं. नव्या सूक्ष्मदर्शकांना त्यांनी हात लावला नाही. जुना एक होता, त्याचा आरसा तडकलेला, त्यावरच काम केलं. मुलांना वाटायचं, म्हातारपणी सवय मोडत नाही. चहा रोज साडेदहाला व्हायचा. माझ्या आजारपणात घरी डबा यायचा, मुलीच्या बारशाला त्यांनी स्वतः शिवलेलं झबलं आणलं. त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं असं लोक म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. जळगावच्या एसटी स्टँडवर मी धुळ्याच्या गाडीची वाट बघत होतो आणि त्या यावलच्या. केस पूर्ण पांढरे, हातात कापडी पिशवी. मला ओळखून त्यांनी बाकावर जागा करून दिली. यजमान वारल्याचं मला कळलं होतं, त्याबद्दल बोललो. भाच्याकडे राहतात, गावच्या शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा शिकवतात, पुंडलिक आबांचा नातू शेतकी कॉलेजात गेलाय, असं त्या सांगत होत्या. दिलीपचं नाव निघालं नाही. समोर केळ्यांची गाडी होती, तिच्याकडे आम्ही दोघं बघत बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आता सांगावं. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. माझं तर नाहीच.

"मॅडम," मी म्हटलं, "त्या वेळी कंपनीला कॉलेजकडून एक पत्र गेलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "त्याची नक्कल कंपनीने मला पाठवली होती. त्याच आठवड्यात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा समोर.

"रोज चहा ठेवताना वाटायचं, आज सर सांगतील. पहिली दोन-तीन वर्षं वाटलं. मग नुसताच चहा ठेवायचे."

यावलची गाडी लागली. लोक उठले, ढकलाढकली सुरू झाली. मी त्यांची पिशवी उचलायला वाकलो.

"असू द्या, सर," त्या म्हणाल्या आणि पिशवी स्वतःच्या हातात घेतली. "हलकी आहे."

त्या गर्दीत शिरल्या. एका बाईने त्यांना हात देऊन वर घेतलं. कंडक्टरने दार ओढलं, घंटी दिली. गाडी स्टँडचं वळण घेऊन बाहेर पडेपर्यंत मी सगळ्या खिडक्यांकडे बघत होतो. त्या कोणत्या बाजूला बसल्या ते मला दिसलं नाही.